कमरेच्या उंचीवर

शिवोलीत मी सात पूल सांभाळतो.
एकातही पोहलेलो नाही.
पोहता येतं, नदीकाठचाच मी,
पण त्या निळ्या फरशीच्या पाण्यात उतरायचं
ते कुणाचं कानातलं पडलं तरच.

माझं खरं काम मागे, पंपाच्या खोलीत.
टाकीचा पट्टा सैल करून झाकण काढलं
की आत चार कार्ट्रिज, दाट चुण्यांची,
भिजलेलं एकेक उचलावं
तर अंगणवाडीतल्या पोराचं वजन.
पोर निदान गळ्याला धरतं.

लोक विचारतात, सोनंबिनं मिळतं का रे?
मोठं सगळं आधी टोपलीतच अडकतं,
पानं, चाफ्याची फुलं, कागदी छत्र्या.
चुण्यांत येतं ते डोळ्यांना न दिसणारं:
अंगाला चोपडलेल्या क्रीमचं तेल, घाम, धूळ,
सगळ्याचा मिळून एक राखाडी चिकटा.
तो नुसत्या पाण्याने जात नाही.
रात्रभर पिंपात भिजवायचं,
सकाळी एकेक चुणी उघडून धुवायची,
वरून खाली, पाण्याची धार तिरकी.

अकरा वर्षं हे मी फरशीवर आडवं टाकून केलं.
डाव्या हाताने फिरवायचं, उजव्यात पाइप,
पाठ अशी सपाट की वर कुणी ताट वाढावं.
म्हापशाचे डॉक्टर म्हणाले, वाकायचं नाही.
मी म्हटलं, बरं,
आणि त्यांच्या हातून पडलेली चिठ्ठी
वाकून उचलून दिली.

मग मोरजीला बोस्त्यांवचा शॅक बंद झाला.
बारच्या उंच खुर्च्या वाळूत आडव्या पडलेल्या.
"एक व्हर रे, गादी गेल्या, पूण घुंवता अजून."
खरंच फिरत होती.
किती जणांना गरगरवलं असेल तिने, पिऊन आणि न पिता.
गादी काढून मी फळी बसवली,
फळीच्या मधोमध उभी एक नळी,
नळीवर कार्ट्रिज,
बेअरिंगला खोबरेल तेल, घरात तेच होतं.
तिरकी धार मारली
तर ते आपणहून फिरायला लागलं,
हात न लावता, माझ्या छातीसमोर,
आणि राखाडी पाणी गोल उडून
माझ्या शर्टावर.

हसलो मी. एकटाच होतो.

तेव्हा सरळ उभा असल्यामुळे दिसलं
की कुंपणाच्या भिंतीपलीकडे नदी आहे.
अकरा वर्षं होतीच ती तिथे.
ओहोटी लागलेली, काळ्या चिखलाची जीभ बाहेर,
आणि गुडघाभर पाण्यात वाकलेल्या बायका
तिसऱ्या काढताना, आठदहा जणी.
डावीकडून तिसरी, हिरवा पदर कमरेला खोचलेली,
सत्यवती.
तिची पाठ मी ओळखली.
लांबून कधी पाहिली नव्हती.

रात्री खुर्चीचं सांगितलं.
आमटी ढवळत ऐकून घेतलं तिने.
"बरं झालं," म्हणाली,
"आता नदीला पाय लाव चार,
उचलून ठेव फळीवर."

मी लांब दांड्याचा पंजा केला, जाळी बांधून.
एक दिवस नेला तिने.
शिंपले फुटले, शेजारणी हसल्या,
आणि हाताला जे चिखलात कळतं
ते दांड्याला कळत नाही, म्हणाली.
आता त्या पंजाने आम्ही करमलं पाडतो.

गुरुवारी तो पूल असतो माझा.
दर वेळी नाही, ओहोटी जुळली तर
ती मला दिसते. मी तिला दिसत नसणार.
मध्येच ती सरळ होते,
दोन्ही हात कमरेवर, तोंड वर उन्हाला.
तेवढा वेळ मी पाणी बंद करतो.
खुर्ची मात्र लगेच थांबत नाही,
कार्ट्रिजला घेऊन फिरत राहते,
कुरकुरत, थोडी हळू,
आणखी थोडी.